दुसरा फोन

आयलीननं पत्र टेबलावर ठेवलं, तेव्हा जेरार्ड उभ्या उभ्याच चहा पीत होता. सकाळच्या धारा उरकून तो थेट आईच्या स्वयंपाकघरात आला होता. बूट दाराबाहेर काढलेले, पायांत नुसते लोकरी मोजे. दुपारी वेलारा गावच्या मैदानावर खेळाडूंच्या नव्या खोल्यांना त्याच्या वडिलांचं नाव द्यायचं होतं. गावच्या क्लबचा अध्यक्ष तोच. त्यामुळे सॉसेज किती मागवायचे इथपासून पाटीवरचा पडदा कुणी ओढायचा इथपर्यंत सगळं त्याच्याच डोक्यावर होतं. पडदा ओढणार होता नेड, त्याचा भाचा. मेलबर्नच्या क्लबकडून, चेंडू हातांनीही झेलायच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये, चौदा सामने खेळलेला, वीस वर्षांचा नेड.

"कसलं पत्र?"

"वाच."

"चष्मा गाडीत राहिलाय. तूच सांग काय ते, मला अजून मैदानावर दोऱ्या बांधायच्यात."

आयलीननं मुलीकडे पाहिलं. बर्नी खिडकीपाशी पाठ टेकून उभी होती. जिल्ह्याच्या इस्पितळात पंचवीस वर्षं नर्सचं काम केलेली बाई. वाईट बातमी कशी सांगायची ते तिला ठाऊक होतं, म्हणजे लवकर सांगायची.

"बाबांच्या मेंदूचा अहवाल आलाय," ती म्हणाली.

जेरार्डला आधी ते कळलंच नाही. त्याला वाटलं, इस्पितळाचं एखादं जुनं बाड मागे राहिलं असेल, ते आता आलं.

"बाबा मार्चमध्ये गेले, बर्नी."

"हो."

"ऑगस्ट चाललाय. आपण त्यांना पुरलं. मी खांदा दिलाय."

"खांदा दिलास तेव्हा मेंदू मेलबर्नला होता. तपासायला दिला होता." बर्नीनं आईकडे पाहिलं. "आईनं दोन वर्षांपूर्वीच कागदावर सही केली होती. मी साक्षीदार होते."

जेरार्डनं कप खाली ठेवला. तो बशीत न बसता टेबलाच्या कडेवर कलंडला आणि चहा पत्राच्या दिशेनं वाहायला लागला. आयलीननं शांतपणे पत्र उचललं, फडक्यानं टेबल पुसलं आणि पत्र पुन्हा कोरड्या जागी ठेवलं.

"मला न विचारता?"

"तू नाही म्हणाला असतास," आयलीन म्हणाली.

"म्हणालोच असतो! बाप होता तो माझा. शेळी-मेंढी नव्हता कापून बघायला!"

"नवरा होता माझा," आयलीन म्हणाली, आवाज न चढवता. "बावन्न वर्षं. बस खाली, जेरी."

तो बसला नाही. आयलीननं चष्मा लावला आणि सांगितलं, पत्राकडे फारसं न बघता. तिला ते एव्हाना पाठ झालं असावं. त्याच्या वडिलांना, डेझ हॅलिनन यांना, साधा म्हातारपणाचा विसर नव्हता. वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या दणक्यांनी होतो तो आजार त्यांना होता आणि तो शेवटच्या टप्प्याला पोचला होता. बेशुद्ध पाडणारे मोठे दणके त्यात होतेच, पण लहान लहान, कुणाच्या लक्षातही न आलेले, शेकड्यांनी बसलेले दणकेही होते. एकशे त्रेचाळीस सामने. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून.

"आणि हे मी आज मैदानावर सांगणार आहे," आयलीन म्हणाली.

"आज?"

"पाटी आज लागणार आहे ना?"

"आई, अख्खा गाव येणार आहे. बाबांच्या जुन्या संघातले सहा म्हातारे गाड्या करून येतायत. शहाऐंशी वर्षांचा लेस येतोय. त्यांना काय मेंदूचे तुकडे दाखवणार आहेस?"

"लेसच्या बायकोला दाखवायची गरज नाही. ती घरी बघतेच आहे."

जेरार्डनं बहिणीकडे मोर्चा वळवला. "हे सगळं तुझं आहे. तुला नेडला थांबवायचंय, म्हणून तू आईला पुढं केलंस."

"मला नेडला थांबवायचंच आहे," बर्नी म्हणाली. "त्यासाठी मला आईची गरज नाही."

त्याच वेळी नेड आत आला. केस ओले, अंगात क्लबचं जाकीट, पाय अनवाणी. काल संध्याकाळी तो मेलबर्नहून आला होता आणि तेव्हापासून झोपलाच होता. दारातच तो थबकला. स्वयंपाकघरातला उजेड डोळ्यांवर आल्यासारखा त्यानं हात वर केला, मग तो हात केसांतून फिरवला.

"भांडण कशाचं?"

आयलीननंच सांगितलं, जसं जेरार्डला सांगितलं तसंच. नेडनं खुर्ची ओढली, बसला, ऐकत राहिला. त्याच्या आजोबांनी त्याला चेंडू धरायला शिकवलं तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याच आजोबांनी तो सोळा वर्षांचा असताना त्याला चोर समजून बादली फेकून मारली होती.

"म्हणजे ते म्हातारपणामुळे नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं, बाळा."

नेडनं पत्र आजीकडे सरकवलं. मग म्हणाला, "आजी, आज नको सांगूस. पुढच्या शनिवारी माझी मॅच आहे. परवाच डॉक्टरांनी मला खेळायला मोकळं केलंय. तू आज बोललीस तर उद्या पेपरात येईल, सोमवारी सगळे माझ्याच तोंडासमोर माइक धरतील. ऑक्टोबरमध्ये करार संपतोय माझा. एवढे चार सामने होऊ देत. मग हवं तिथं सांग."

"ऐकलंस?" जेरार्ड आईला म्हणाला. "त्याचं तरी ऐक."

आणि असं म्हणताना त्याची नजर नेडच्या नजरेला भिडली आणि त्यानं ती पटकन खिडकीबाहेर, गोठ्याच्या पत्र्यांकडे वळवली.

कारण जेरार्डला एक गोष्ट ठाऊक होती, जी आयलीनला किंवा बर्नीला ठाऊक नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी नेड उलट्या पावली धावत झेल घ्यायला उडाला होता आणि मागून येणाऱ्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला होता. गवतावर पडला तेव्हा त्याचे दोन्ही हात लाकडासारखे ताठ होऊन आभाळाकडे राहिले होते. टीव्हीवर ते चारदा दाखवलं. बर्नीनं ते वॉर्डातल्या टीव्हीवर, एका म्हाताऱ्या पेशंटची पाठ पुसत असताना पाहिलं. दीड वर्षातली ही त्याची तिसरी वेळ होती.

त्यानंतरच्या मंगळवारी नेडचा जेरार्डला फोन आला. उजेड सोसवत नाही, डोक्यात कुणीतरी हळूहळू खिळा फिरवतंय असं वाटतं, म्हणाला. जेरार्ड म्हणाला, सगळ्यांचंच दुखतं, पडदे ओढ आणि झोप. मग बराच वेळ दोघं एका लंगड्या कालवडीबद्दल बोलत राहिले. दुसरा फोन आला तो त्याच्या पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी. जेरार्ड तेव्हा खालच्या कुरणात पाण्याच्या हौदाचा कॉक बदलत होता. नेड म्हणाला, सरावाहून घरी परतताना रस्ताच सापडेना, रोजचा रस्ता. ट्रामच्या थांब्यावर अर्धा तास बसून राहिलो. डॉक्टरीणबाईंना सांगू का?

जेरार्डनं जे उत्तर दिलं, ते त्यानं त्यानंतर रोज दोन वेळा, धारा काढताना, मनातल्या मनात वेगवेगळ्या तऱ्हांनी बदलून पाहिलं होतं. पण ते बदलत नव्हतं.

त्याचा स्वतःचा गुडघा एकोणिसाव्या वर्षी गेला. मेलबर्नच्या क्लबाची माणसं त्याला बघायला येणार होती, त्याच्या आदल्या शनिवारी. त्यानंतर तीस वर्षं गाई, आणि शनिवारी हद्दीच्या रेषेबाहेर उभं राहून ओरडणं. नेड सहा वर्षांचा असताना त्याचा बाप पश्चिमेला खाणींत कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून नेडला सरावाला नेणं, आणणं, पावसात चिखल झालेले त्याचे बूट रात्रभर शेगडीपाशी वाळवणं, हे जेरार्डनं केलं. बर्नीच्या इस्पितळातल्या पाळ्या असायच्या. नेडच्या पहिल्या सामन्याला वेलाराहून दोन बस भरून लोक गेले होते, आणि पहिला गोल झाला तेव्हा जेरार्ड शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडला होता.

"माझं ठरलंय," आयलीन म्हणाली आणि पत्र हातपिशवीत टाकून तिनं पिशवीची चेन ओढली.

*

मैदानाच्या कडेनं गाड्या नाकाला नाक लावून उभ्या होत्या. समुद्राकडून बोचरा वारा येत होता. गोल झाला की सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजत आणि टेकडीवरच्या गाई माना वर करून बघत. मध्यंतराचा भोंगा झाला, खेळाडू आत गेले आणि लोक नव्या खोल्यांपुढे गोळा झाले. हातांत सॉसेजचे पाव, पोरं बापांच्या खांद्यांवर. जुन्या संघातले सहा म्हातारे पुढच्या बाकावर मांड्यांवर गोधड्या घेऊन बसले होते.

जेरार्डचं भाषण बरं झालं. वडिलांनी एकाच दिवशी सकाळी दीडशे गाईंच्या धारा काढून, दोनशे किलोमीटर गाडी हाकून, दुपारी पाच गोल कसे मारले होते, हे त्यानं सांगितलं. लोक हसले. नेडनं पडदा ओढला. टाळ्या झाल्या. आणि टाळ्या विरायच्या आत आयलीननं मुलाच्या हातातला माइक घेतला. हिसकावला नाही, नुसता हात पुढे केला आणि जेरार्डला तो द्यावाच लागला.

"मला बोलायची सवय नाही," ती म्हणाली. माइक तोंडाच्या फार जवळ होता, शिट्टी वाजली. तिनं तो थोडा दूर धरला. "सहा वर्षांपूर्वी माझा जबडा मोडला होता. मी गोठ्यात घसरले असं तुम्हाला सांगितलं. तुम्ही सगळ्यांनी मला महिनाभर सूप आणून दिलंत. मी घसरले नव्हते. डेझनं मारलं होतं."

जेरार्डनं खाली पाहिलं. गवतात कुणाचा तरी सॉसेजचा अर्धा पाव पडला होता.

"सेहेचाळीस वर्षं त्यानं माझ्यावर बोटसुद्धा उगारलं नव्हतं. मग उगारलं. मला वाटायचं, माझं काही चुकतंय. जेरीला ठाऊक होतं, बर्नीला ठाऊक होतं, आम्ही तिघांनी तोंड शिवून घेतलं होतं. त्याचं नाव खराब होऊ नये म्हणून." तिनं पत्र बाहेर काढलं, पण उघडलं नाही. "आता कळलंय की तो आजारी होता आणि कशानं आजारी होता. हा खेळ खेळून. डोक्यावर मार खाऊन. पाटी लावा. मला आवडली पाटी. माणूस चांगला होता माझा. पण इथं खेळायला येणाऱ्या प्रत्येक पोराच्या आईला हे ठाऊक असू दे. माझं झालं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी निघूनही गेलं नाही. मग लेसची बायको बाकामागून पुढे आली. नीट इस्त्री केलेला कोट, पायांत रबरी बूट. तिनं आयलीनचे दोन्ही हात धरले.

"आमच्याकडेही," ती म्हणाली. तेवढंच. लेस बाकावर बसून पाटीकडे बघून हसत होता. कुणाची पाटी, ते त्याला कळलंय की नाही हे सांगता येत नव्हतं.

जेरार्डला आईचा राग आला होता, आणि त्या रागाच्या खाली आणखी काही होतं त्याच्याकडे त्याला बघायचं नव्हतं. तो नेडला शोधायला लागला. पोराला इथून बाहेर काढावं, घरी न्यावं, उद्या क्लबाला काय सांगायचं ते ठरवावं.

तेवढ्यात मध्यंतर संपून तिसऱ्या डावाचा भोंगा झाला. नेड भोंग्याच्या टपरीला टेकूनच उभा होता, सह्या देत. जेरार्डनं पाहिलं, त्यानं दोन्ही कान दाबले, पेन खाली पडलं. तो टपरीच्या मागे गेला. जेरार्ड धावत पोचला तेव्हा नेड गुडघ्यांवर बसून ओकत होता.

"काही नाही," नेड म्हणाला. "सॉसेज बाधलं."

"तू सॉसेज खाल्लंच नाहीस," त्याच्या मागून आवाज आला. बर्नी. ती गुडघ्यांवर बसली, मुलाची हनुवटी वर उचलली, एका डोळ्यात बघितलं, मग दुसऱ्या.

"इथून घरी कसं जायचं, सांग मला."

"आई, काय पोरखेळ—"

"सांग."

नेडनं रस्त्याकडे पाहिलं. ज्या रस्त्यानं तो बारा वर्षं सायकलवरून आला-गेला होता, त्या रस्त्याकडे. त्याचे ओठ हलले. मग तो गप्प झाला आणि त्याच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती जेरार्डनं आधी एकदाच पाहिली होती, बाबांच्या चेहऱ्यावर, नऊ वर्षांपूर्वी, ते पहिल्यांदा रस्ता विसरले तेव्हा.

*

गाई कुणासाठी थांबत नाहीत. चार वाजता जेरार्ड गोठ्यातल्या चरात उतरला होता. दोन्ही बाजूंना डोक्याच्या उंचीवर गाईंच्या रांगा, मध्ये तो. सड पुसायचे, यंत्राचे कप लावायचे, पुढच्या गाईकडे सरकायचं. पंपाची घरघर एकसारखी चालू होती. एरवी या घरघरीत त्याला बरं वाटायचं.

घरात फोनला रेंज नव्हती. रेंज मिळायची ती खालच्या कुरणात, नाहीतर गोठ्याच्या दारातल्या उतरणीवर, म्हणून बर्नी नेडला तिथं घेऊन आली. त्याच्या अंगावर आयलीनचा जुना कोट होता. तो लोखंडी कठड्यावर बसला आणि बर्नीनं फोन मोठ्या आवाजावर टाकला. क्लबाच्या डॉक्टरीणबाई शनिवार असूनही दुसऱ्याच घंटेला बोलल्या. बर्नीनं नर्स बोलते तसं सांगितलं: काय झालं, किती वाजता, डोळ्यांच्या बाहुल्या कशा, नाडी किती.

"नेड," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे आज पहिल्यांदाच झालं? दणका बसल्यापासून मधल्या दिवसांत काही? डोकं दुखणं, उजेडाचा त्रास, गोंधळ?"

"नाही."

"नीट आठवून सांग. मी रागावणार नाहीये."

"खरंच नाही, डॉक्टर. पहिले दोन दिवस थोडं जड वाटत होतं, ते तुम्हाला सांगितलंच होतं. त्यानंतर एकदम ठीक."

"कुणाला काही बोलला होतास?" बर्नीनं विचारलं. "कुणालाही?"

"काही झालंच नाही तर कुणाला काय बोलणार? हवं तर मामाला विचार. मी सगळं त्यालाच सांगतो."

जेरार्डच्या हातात कप होते. तो मागे वळला. नेड त्याच्याकडेच बघत होता, आपली बाजू घेणारा एक माणूस तरी इथं आहे अशा भरवशानं. या पोराला जेरार्ड आतून बाहेरून ओळखत होता. खोटं बोलताना तो जास्त बोलायचा, हसायचा, विषय बदलायचा. आता त्यातलं काहीच नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला आठवत नव्हतं.

जेरार्डला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम कळल्या. पोराला काय झालंय ते कळलं. आणि हेही कळलं की आपण सुटलो. हौदाचा कॉक बदलताना जे बोलणं झालं ते आता जगात फक्त एकाच माणसाच्या डोक्यात होतं. बर्नीला ते कधीच कळणार नव्हतं. उद्या नेड बरा झाला तरी नेडलासुद्धा नाही. "नाही, मला काही बोलला नाही," एवढे शब्द पुरेसे होते. तसले शब्द या घरात सहा वर्षं सगळेच बोलत आले होते.

गाईनं पाय आपटला. त्यानं कप आकड्याला अडकवले, हातमोजे काढले आणि चराच्या पायऱ्या चढून वर आला.

"त्यानं मला दोनदा फोन केला होता," तो म्हणाला.

"कोण बोलतंय?" फोनमधून आवाज आला.

"मामा. जेरार्ड हॅलिनन. पहिला फोन मंगळवारी, दणका बसल्यावर तीन दिवसांनी. उजेड सोसवत नव्हता त्याला. डोकं दुखत होतं."

"तो फोन कालवडीचा होता," नेड म्हणाला. "लंगडत होती ना ती?"

"कालवडीचं नंतर बोललो आपण." जेरार्डनं त्याच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. "दुसरा फोन पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी, दुपारी तीनच्या सुमारास. सरावाहून येताना रस्ता चुकला होता. रोजचाच रस्ता. अर्धा तास ट्रामच्या थांब्यावर बसून होता. तुम्हाला सांगू का, असं त्यानं मला विचारलं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

जेरार्ड काहीतरी बोलला.

"मोठ्यानं बोल," बर्नी म्हणाली. तिनं फोन त्याच्या तोंडाजवळ आणला. तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता. "पंपाच्या आवाजात त्यांना ऐकू जात नाहीये."

"मी म्हणालो, सांगू नकोस!" जेरार्ड म्हणाला, आणि पत्र्याखाली त्याचा आवाज इतका मोठा झाला की रांगेतल्या गाईंनी माना वळवल्या. "म्हणालो, सांगितलंस तर वर्ष गेलं. करार गेला. म्हणालो, अजून आठवडा तोंड बंद ठेव, की तू मोकळा. त्याला सांगायचं होतं. मीच नको म्हणालो."

फोनपलीकडे डॉक्टरीणबाई काही लिहून घेत असाव्यात. मग त्या कामाचं बोलल्या. आज त्याला एकटं सोडायचं नाही. गाडी चालवायची नाही. आत्ताच जिल्ह्याच्या इस्पितळात नेऊन तपासून घ्यायचं, सोमवारी सकाळी मेलबर्नला आणायचं. हे वर्ष संपलं, हे त्या आत्ताच सांगू शकत होत्या. त्यापुढे तो कधी खेळेल की खेळणारच नाही, ते बाहेरचे तीन तज्ज्ञ ठरवतील. त्यात क्लबाचा काही संबंध नाही, आणि घरच्यांचाही नाही. "आणि मिस्टर हॅलिनन, सोमवारी तुम्हीही या. तारखा लिहून आणा. तो सांगू शकत नाहीये, तर ते तुम्हालाच सांगावं लागेल."

"येतो," जेरार्ड म्हणाला.

बर्नीनं फोन बंद केला. तिनं भावाकडे पाहिलं. तो शिवीची वाट बघत होता. शिवी आली असती तर बरं झालं असतं.

"इतकी वर्षं मी पाळीवर जाताना त्याला तुझ्याकडे सोपवून जायचे," ती म्हणाली. "आणि वाटेत मला एकदाही काळजी वाटली नाही." मग ती इस्पितळात जायला गाडी काढायला गेली.

नेड कठड्यावरच होता. कोटाच्या बाह्या त्याला तोकड्या पडत होत्या, मनगटं गारठून लाल झाली होती. जेरार्डला वाटलं तो ओरडेल, अंगावर येईल. त्याचे चौदा सामने, त्याचं वर्ष, त्याचं सगळं या दोन मिनिटांत गेलं होतं. पण नेडच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, अवघड गणित घातलेल्या शाळकरी पोरासारख्या. तो आपल्याच डोक्यात कुठंतरी चाचपडत होता आणि तिथं त्याच्या हाताला काही लागत नव्हतं.

"शुक्रवारी," तो म्हणाला.

"शुक्रवारी. तीन वाजता."

"मला काहीच आठवत नाही, मामा. ट्राम, थांबा, काहीच नाही." त्यानं वर पाहिलं. "आणखी काय म्हणालो होतो मी? सगळं सांग. तू डॉक्टरांना सगळं नाही सांगितलंस."

चराच्या दोन्ही बाजूंच्या गाई अस्वस्थ होऊन खूर आपटत होत्या. जेरार्ड त्याच्या शेजारी कठड्यावर बसला. हात दुधानं चिकट झाले होते, ते त्यानं पँटला पुसले.

"तू रडत होतास," तो म्हणाला.